फणीवर उमटलेला अंगठा

सूर्यमाळच्या एका पाड्यावर, कुडाच्या भिंतीत खोचलेली मी एक जुनी लाकडी फणी आहे, मित्रांनो. माझे दोन दात पडले आहेत आणि पाठ तेलाने काळवंडली आहे. तरी सकाळी कवाड उघडले, उन्हाची तिरीप अंगावर आली, की मला अजून वाटते, आता कोणीतरी हात पुढे करील.

मला घडवले ढवळूबाबाने, धाकट्या लेकीच्या लग्नासाठी. तिचे नाव सरू. शिवणीचे लाकूड हलके आणि चिवट. बाबाने अंगणात बसून माझा एकेक दात कापला, खरवतीच्या खरखरीत पानाने घासला आणि मला खुरासणीच्या तेलात मुरत ठेवले. प्रत्येक दाताचे टोक तो आपल्या गालावर फिरवून बघायचा. मोठी लेक रामी हसून म्हणाली, "बाबा, दाढी इंचरतोस का?"

"माझ्या गालाला टोचलं नाय," बाबा म्हणाला, "तं पोरीच्या डोक्यालाही टोचणार नाय."

दोघी बहिणी एकाच पाड्यात नांदायला आल्या. सरूने मला रोज हाती धरले. तिचा अंगठा माझ्या पाठीवर एकाच जागी टेकायचा, म्हणून तिथे हळूहळू एक खोलगट जागा झाली. पुढे करिष्मा झाली. तिचे जावळ मऊ, काळेभोर. सरू तिला उन्हात बसवायची, आधी बोटांनी गुंता सोडवायची, मग केसांच्या टोकांपासून सुरुवात करून मला फिरवायची आणि सैल वेणी घालायची. ते माझे सोन्याचे दिवस होते, मित्रांनो. शेजारच्या बाया म्हणायच्या, "काय गं केस पोरीचे! काय लावतेस?" सरू मला वर धरून दाखवायची. मी फुलून जायची.

भात-नागली घरात आली, की सरू आणि तिचा नवरा लक्ष्या वीटभट्टीवर कामाला जात. शाळा बुडू नये म्हणून करिष्मा रामीमावशीकडे राहायची, आणि मीही तिच्याबरोबर. रामीमावशीचा एक नेम होता. पहाटे आंघोळ, मग तुळशीपाशी दिवा, मग धान्याची देवी कणसरीमाय हिच्या नावाने चिमूटभर नागली बाजूला. आंघोळीशिवाय दिवा नाही आणि दिव्याशिवाय तोंडात घास नाही. ताप असला तरी तिने हा नेम कधी मोडला नव्हता.

यंदा माघात सरू आणि लक्ष्या चार दिवस घरी आले होते. भट्टीवरच्या बायांनी मोबाइलवर बघून सरूला नव्या तऱ्हेच्या वेण्या शिकवल्या होत्या. बारीक बारीक, डोक्याला चिकटून जाणाऱ्या. निघायच्या दिवशी टेम्पो खाली सडकेवर भोंगा वाजवत होता आणि सरू लेकीचे केस गुंफत होती. चापून बसावेत म्हणून तिने केस ओले केले, माझ्या टोकाने भांगामागे भांग पाडले आणि ओढून ओढून वेण्या घातल्या.

"अगं, पोरीच्या भुवया वर गेल्या!" रामीमावशी म्हणाली. "भूत बघितल्यासारखी दिसतेय."

"टिकायला पायजेत, ताई," सरू म्हणाली. तिने लेकीच्या गालावरून हात फिरवला. "मी शिमग्याला येईन. तोवर टिकायला पायजेत."

आई घाईत बोलून गेली, पण लेकीने ते मनात देवासारखे पुजले. आई येईपर्यंत या वेण्या सोडायच्या नाहीत. मावशी नेम पाळते, तसा आपलाही नेम.

मी भिंतीत खोचलेली राहिले. करिष्मा माझ्याकडे बघायची, पण मला हात लावायची नाही. शाळेत तिची मैत्रीण प्रगती चिडवायची, "डोक्यावर नांगरणी झाली गं तुझ्या! आता नागली पेर!" करिष्मा हसायची. पहिले काही दिवस हसायची.

मग पाणी आटू लागले. आमच्या इथे उन्हाळा लागायच्या आधीच विहिरीचा तळ दिसतो. पोरी-बायांना टेकडी उतरून झऱ्यावर जावे लागते. करिष्मा डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि चुंबळीवर हंडा. तो भार नेमका त्या ताणलेल्या वेण्यांवर बसायचा. पाणी हिंदकळून चुंबळ भिजायची, आणि केस धुवायला मात्र पाणी नसायचे. घाम, धूळ, ओल, सगळे आतच राहिले. ती रात्री उशीला डोके टेकताना हळूच कण्हायची. खाज सुटली की काडी घालून खाजवायची. मग तिने डोक्यावरून ओढणी घ्यायला सुरुवात केली.

एके दिवशी पाड्यावर आशा कार्यकर्ती प्रमिला आली. लहान पोरांचे वजन करता करता तिची नजर करिष्माच्या ओढणीवरच्या डागावर गेली. तिने ओढणी अलगद बाजूला केली आणि श्वास रोखला. भांगांमध्ये बारीक पुळ्या उठल्या होत्या, एकदोन पिकल्या होत्या. कपाळाच्या कडेला, कानशिलापाशी, केसच विरळ झाले होते.

"रामीताई, हे आज सुटायला पायजे," प्रमिला म्हणाली. "मुळं ओढली जातायत. खूप दिवस अशी ओढली, तर तिथं केस परत येत नाय."

"नाय सोडायच्या!" करिष्मा मागे सरली. तिने दोन्ही हात डोक्यावर धरले. "आये येईल तवाच. आयेनं घातल्यात."

सरूला फोन लावला, तो बंद लागत होता. प्रमिला दुसऱ्या दिवशी मलम घेऊन येते म्हणाली. पू वाढला तर आरोग्य केंद्रात न्यायचे, असेही बजावून गेली. मावशीने जबरदस्ती केली असती, तर दोन मिनिटांत वेण्या सुटल्या असत्या. पण तिने ते केले नाही. ती नेमाची बाई होती. पोरीने काय धरून ठेवले आहे, ते तिला कळत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला भिंतीतून काढले आणि करिष्माच्या हातात दिले.

"इथं अंगठा ठेव बघू."

करिष्माने ठेवला. त्या खोलगट जागेत तिचा छोटा अंगठा अलगद बसला.

"ही जागा कोणाची हाय?"

"आयेची," करिष्मा पुटपुटली.

"मग? आयेचा हात त्या वेण्यांत नाय गं बाय. वेण्या तिनं टेम्पोच्या घाईत घातल्या. तिचा हात इथं हाय, रोजचा."

"पण माझा नेम मोडेल ना, मावशी."

मावशी उठली. घरात एकच बादली पाणी होते, तिच्या आंघोळीचे. ते तिने चुलीवर कोमट करायला ठेवले.

"मावशी, तुझी आंघोळ? तुझा दिवा?"

"बस इथं. आज तू आन मी, दोघी मोडू."

करिष्मा बसली. मावशीने एकेक वेणी टोकाकडून सोडवली, जराही न ओढता. गळालेल्या केसांचे पुंजके पडले, तेव्हा करिष्मा रडली. मावशीने ते गुंडाळून पदराआड केले. मग रिठ्याच्या पाण्याने डोके धुतले. नखे लावली नाहीत, फक्त बोटांची पेरे फिरवली. थोडे गरम पाणी तिने माझ्यासाठी राखले होते. मला घासून, धुऊन उन्हात ठेवले. केस पार सुकेपर्यंत तिने वेणी घातली नाही. प्रमिलाचे मलम फोडांवर लागले.

आणि मग रामीमावशीने नुसते हात-पाय पुसून दिवा लावला. जन्मात पहिल्यांदा, आंघोळीशिवाय. मी उन्हातून बघत होते. ती हात जोडून म्हणाली, "पाणी पोरीच्या डोक्यावर घातलं, माय. तुझ्यावरच घातलं समज." दिवा नेहमीसारखाच तेवला.

त्यानंतर करिष्माची वेणी सैल असायची. कधी एक, कधी दोन, आणि भांग रोज थोडा सरकवलेला. रात्री केस मोकळे. हंडे काही दिवस मावशीने एकटीने आणले. फोड वाळले. कानशिलापाशी नागलीच्या रोपांसारखे बारीक केस दिसू लागले. एका जागी मात्र अजून काही उगवलेले नाही. तिथे मी दात लावत नाही, नुसती वरून जाते.

शिमग्याच्या आदल्या दिवशी सरू आली. लेकीच्या डोक्यावर ती सैल वेणी आणि कडेची ती रिकामी जागा बघून ती दारातच थांबली. रामीमावशीने काय घडले ते दोन वाक्यांत सांगितले. सरूचा चेहरा पडला. "मी टिकायला पायजे म्हणाले होते गं," ती म्हणाली, "दुखायला पायजे कुठं म्हणाले?"

करिष्माने आईला अंगणात उन्हात बसवले, तिच्या डोक्याचे फडके सोडले. विटांची लाल धूळ उडाली. डोक्यावर विटा वाहून, अंबाडा करकचून बांधून, सरूचाही भांग रुंद झाला होता. करिष्माने आधी बोटांनी गुंता सोडवला. मग मला घेतले, माझ्या पाठीवरच्या त्या जागेत अंगठा ठेवला आणि केसांच्या टोकांकडे पहिला हात फिरवला.

"आये, दुखतं का?"

सरूने मान लेकीच्या हातात सैल सोडली. तिचे खांदे हळूच खाली आले. इतक्या वर्षांत हे तिला कोणी विचारलेच नव्हते.

मित्रांनो, मी साधी लाकडाची फणी आहे, मला फार काही मागता येत नाही. वेण्या हौसेने घाला. पण ओले केस बांधू नका, मुळांना ओढ देऊ नका, डोक्यालाही अधूनमधून मोकळे सोडा. फणी धुऊन ठेवा, आणि डोक्यात फोड किंवा खाज असेल, तर ज्याची त्याची वेगळी ठेवा. आणि कोणाच्या केसांना हात लावाल, तेव्हा करिष्माने विचारले ते आधी विचारा. उत्तर येईपर्यंत मला हवेतच धरा. मी थांबते.