मुकी घोडी

मित्रांनो, मी एक जुना सानशिन आहे आणि मी रागावलेला आहे. जुन्या वस्तूंनी हळू आवाजात, डोळ्यांत पाणी आणून बोलावं अशी पद्धत असते. माझ्याकडून ते होणार नाही. चार वर्षं माझं तोंड बंद होतं, त्यामुळे आवाज जरा चढेल.

आधी ओळख करून देतो. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या काळ्या, जड लाकडाची माझी दांडी. तिच्या खालच्या टोकाला एक लहान लाकडी चौकट, चौकटीवर अजगराचं ताणून बसवलेलं कातडं आणि वरून तीन तारा. तारा आणि कातडं यांच्यामध्ये बांबूची बोटभर घोडी उभी असते. तार थरथरली की घोडी थरथरते, घोडी ती थरथर कातड्याला देते आणि कातडं ती हवेला देतं. माझं सगळं शास्त्र एवढंच आहे. यातली घोडी तेवढी लक्षात ठेवा. भांडण तिच्यावरूनच आहे.

मी तयार झालो तेव्हा बेटावर रताळ्यांखेरीज फारसं काही पिकत नव्हतं. गुशिकेन आडनावाच्या एका माणसाने बायको, आठ वर्षांचा मुलगा तारू आणि मी एवढा संसार घेऊन ब्राझीलची बोट धरली. बावन्न दिवस समुद्रावर होतो. त्या बावन्न दिवसांत गुशिकेनने माझ्यावर एक चाल बांधली. साडेचार मिनिटांची. ती त्याने कुठल्याही वहीत उतरवली नाही, मुलाच्या बोटांत उतरवली.

पुढची ऐंशी वर्षं मी कांपो ग्रांदे शहराजवळच्या एका मळ्यावर काढली. मधे महायुद्धात तिथे जपानी बोलायलाही बंदी आली, तेव्हा कसाव्याच्या पिठाच्या पोत्यांमागे दडून बसलो. पण तेही दिवस गेले. लग्नात, बारशात, बाजारात मी वाजलो. लोक म्हणायचे, "जपान्यांचा बँजो आला!" मला त्याचंही काही वाटत नसे. निदान आला हे त्यांना ऐकू तरी येत होतं.

तारू म्हातारा झाला. संधिवाताने त्याची बोटं आल्याच्या गड्ड्यांसारखी वाकली. आता ती चाल फक्त एकाच माणसाच्या हातात उरली होती: त्याची नात सेलिया. आणि सेलिया निघाली जपानला, कारखान्यात कामाला.

"सानशिन घेऊन जा," तारू म्हणाला. "दर रविवारी फोनवर वाजवायचं. चाल सरळ आहे की वाकडी झाली, ते मला ऐकू आलं पाहिजे."

"तानमे, मी कामाला चाललेय, मैफिलीला नाही." आमच्याकडे आजोबांना तानमे म्हणतात.

"मग सानशिन ठेव इथेच. आणि तूही राहा."

सेलियाने मला पाठीला अडकवलं. मला वाटलं, चला, घरी निघालो. इथेच मी फसलो.

आम्ही राहिलो ओकिनावापासून दूर, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका गावात. पाच मजल्यांच्या एकसारख्या इमारती, दारावर नंबर, जिन्यात नियमांचा कागद. सेलिया दिवसभर मोटारींच्या सीटांची कव्हरं शिवायची आणि संध्याकाळी अर्धा तास मला घ्यायची. अकराव्या दिवशी दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरचे इवासे, आमच्या जिन्याचे प्रमुख. सत्तरीचे, विधुर, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे.

"गुशिकेन-सान, तक्रार अजिबात नाही हं," ते कमरेत वाकून म्हणाले. "फक्त भिंती पातळ आहेत. म्हणून ही एक छोटी भेट आणली."

कागदात गुंडाळलेली ती एक लांब लाकडी घोडी होती. मी तिला बघताक्षणी ओळखलं. हिचे दोन पाय इतके लांब असतात की ते कातड्याला टेकतच नाहीत, चौकटीच्या दोन कडांवर टेकतात. तारेची थरथर जाड लाकडात जाते आणि तिथेच जिरते. मुकी घोडी!

"माझ्या बायकोची आहे," इवासे म्हणाले. "ती शामिसेन वाजवायची, या सानशिनचाच भाऊबंद. बत्तीस वर्षं. कधी कुणाला ऐकूसुद्धा आलं नाही." हे ते अभिमानाने सांगत होते.

सेलियाने काय करावं? दोन्ही हातांनी घोडी घेतली आणि तीही वाकली. मला वाटलं होतं, ती ठेवून देईल कपाटात. तिने ती मला चढवली.

मग रविवार येत राहिले. सकाळी आठ वाजता सेलिया फोन लावायची, तिकडे शनिवारची संध्याकाळ असायची. ती फोन माझ्या तोंडाशी टेकवून अख्खी चाल वाजवायची, आणि माझ्यातून पत्र्यावर मुंगी चालावी एवढा आवाज निघायचा.

"वाजवतेस का?" तारू ओरडायचा.

"वाजवलं ना, तानमे!"

"मला काही नाही आलं ऐकू."

"लाईन खराब आहे."

चार वर्षं लाईन खराब होती. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला खोटं बोलता येत नाही. पण माझ्याकडून ते बोलवून घेतलं गेलं. त्यातही सगळ्यात वाईट काय झालं माहीत आहे? आपल्यालाच ऐकू येत नसलं की हात आळशी होतात. चालीतला तिसऱ्या ओळीतला लांब सूर सेलिया हळूहळू आखडता घेऊ लागली. मग तो गेलाच. बावन्न दिवसांतले दोन-तीन दिवस समुद्रात बुडाले आणि कुणाला पत्ताही नाही. नव्वदी ओलांडलेल्या त्या म्हाताऱ्याला तो सूर पुन्हा ऐकायचा होता, आणि तो ऐकवू शकणारी एकमेव व्यक्ती तो विसरत चालली होती. मला राग येऊ नये?

चौथ्या वर्षी पावसाळ्यात माझ्या कातड्यावर बुरशी आली. सेलियाने इवासेंना विचारलं. इवासेंनी कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे सांगितले. त्यांत पांढरे खडे असतात. ते हवेतलं पाणी पितात आणि डबा भरत जातो. डब्यावर लिहिलेलं असतं: भरला की बदला. सेलिया परदेशात राहणारी बाई. लिहिलेला प्रत्येक नियम ती जपान्यांपेक्षा कडक पाळायची, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. पावसाळा संपला, तरी ती डबे बदलत राहिली. हिवाळा आला. या भागातली हिवाळ्याची हवा मुळातच कोरडी, त्यात खोलीत हीटर, आणि बंद कपाटात माझ्याभोवती तीन डबे. ओकिनावात आणि ब्राझीलमध्ये आम्हाला ओलीची भीती माहीत होती, कोरडेपणाची नव्हती.

जानेवारीतल्या एका रविवारी, सेलिया चहा ओतत असताना, माझं कातडं फाटलं. बंदुकीसारखा आवाज झाला. चार वर्षांतला माझा पहिला मोठा आवाज!

लगेच दारावर टकटक. इवासे. "गुशिकेन-सान, काही फुटलं का?"

"हो," सेलिया म्हणाली. "माफ करा, पुन्हा नाही होणार."

दार लावून तिने ते तीन डबे मोरीत रिकामे केले. सव्वा लिटर पाणी निघालं. त्यातलं माझं फार तर दोन चमचे असेल. पण माझ्याकडे तेवढंच होतं. ती मोरीपाशी उभी राहून म्हणाली, "मूर्ख! मूर्ख! मूर्ख!" मला नव्हे, स्वतःला. पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

जुलैमध्ये इवासे पुन्हा आले. उन्हाळ्याचा उत्सव होता. इमारतींमधल्या मैदानात कंदील, नाच, खाण्याचे ठेले.

"या वेळी तुम्ही ब्राझीलचं काहीतरी करा ना. सांबा! ती पिसं वगैरे असतात ती."

"मला सांबा येत नाही, इवासे-सान."

"असं कसं? तुम्ही ब्राझीलच्या ना?"

"तिथे मला जपानी म्हणायचे. शाळेच्या संमेलनात दरवर्षी पंखा देऊन नाचायला लावायचे. तेही मला येत नव्हतं."

इवासे गोंधळले. "मग तुम्हाला येतं तरी काय?"

सेलियाने कपाट उघडलं. मग तिने ती लांब घोडी आणून त्यांच्या हातात दिली. "दाखवते. पण आवाज होईल."

"उत्सवात चालतो आवाज," इवासे म्हणाले. "आठ वाजेपर्यंत."

माझं फाटलेलं कातडं अजून तसंच होतं, आणि आता नवं बसवायला वेळ नव्हता. पण तारूने एकदा तिला सांगितलं होतं की युद्धानंतर बेटावर राहिलेल्या लोकांनी छावण्यांत खाण्याच्या डब्यांवर सानशिन बांधले होते. सेलियाने ब्राझीलच्या दुकानातल्या दुधाच्या भुकटीचा एक मोठा डबा घेतला, त्याला दोन खाचा पाडल्या आणि माझी दांडी त्यातून आरपार घातली. पोटावर गाईचं चित्र. खरं सांगतो, लाज वाटली. मग तिने तार छेडली. पत्रा किंचाळला आणि लाज पळाली.

उत्सवाच्या संध्याकाळी ती मांसाच्या सळया भाजणाऱ्या ठेल्यापाशी बसली. सॉसच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला. तिकडे सकाळचे सात वाजायला आले होते आणि तारू जागा होता.

तिने वाजवलं आणि गायलीही. गोड अजिबात नव्हतं ते. भांडायला उठल्यासारखी ती गात होती आणि मी तिच्या बाजूने भांडत होतो. रांगेतली माणसं सळया हातात धरून वळली. तिसऱ्या ओळीत ती अडखळली आणि पुढे गेली. चाल संपली.

ती फोनकडे वाकली. मग आतून खोकला आला.

"तिसरी तार उतरलीय."

"तानमे! ऐकू आलं?"

"बहिरा झालोय, मेलो नाही. आणि तिसऱ्या ओळीतला तो लांब सूर कुठे गेला? माझ्या बापाने तीन दिवस घालवले त्याच्यावर. आज लाईन बरी आहे."

"लाईन चार वर्षं बरीच होती, तानमे."

तारूने तो सूर स्वतःच गाऊन दाखवला. फाटक्या आवाजात, पण सरळ. सेलियाने तार चढवून घेतली.

"आता परत. पहिल्यापासून," तारू म्हणाला.

इवासे ठेल्यापाशी उभे होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आठला दोन मिनिटं कमी होती. चाल साडेचार मिनिटांची आहे. सेलियानेही घड्याळ पाहिलं आणि वाजवायला सुरुवात केली. इवासेंचा एक हात खिशात होता. खिशातून त्या लांब घोडीचं टोक बाहेर दिसत होतं, आणि ते तिच्यावरून बोट फिरवत होते. आठ वाजले. ते ऐकत राहिले.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. तुमच्या घरात एखादं वाद्य असेल, तर त्याला ओलीपासून जपा, कोरड्या हवेपासून जपा, वाजवून झालं की घोडी उतरवून कातड्याला विसावा द्या. हे सगळं कराच. पण शेजाऱ्यांना कळू नये म्हणून त्याला वर्षानुवर्षं मुकं ठेवू नका. त्यापेक्षा त्याला दुधाचा डबा लावा.