तीनशे बारा प्रमाणपत्रं आणि मावशी

संयोजकाला संयोजक कोणी केलं, हे आता कोणालाच आठवत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी चार जणांनी मिळून ग्रंथालयांसाठी एक सॉफ्टवेअर फुकट लिहायचं ठरवलं, तेव्हा बाकीच्या तिघांना काही ना काही येत होतं. याला काही येत नव्हतं, म्हणून हा संयोजक. एरवी तो शाळेत भूगोल शिकवायचा.

सॉफ्टवेअर मुक्तस्रोत होतं. त्याच्या आतली ओळ न् ओळ कोणालाही उघडून वाचता येत होती, बदलता येत होती, चुकली असेल तर तसं सांगता येत होतं. पाच वर्षं दार सताड उघडं होतं आणि आत मांजरसुद्धा डोकावलं नव्हतं. संयोजक मात्र भाषणात सांगायचा, की आमच्या कामावर साऱ्या जगाची नजर आहे.

हे असंच सुखाने चाललं असतं. पण या खेपेला नवी आवृत्ती त्याच्या बायकोच्याच ग्रंथालयात बसणार होती. बायको तिथली ग्रंथपाल. देवघेवीच्या टेबलामागे लाकडी खणांची चार कपाटं होती आणि त्यांत तिने बावीस वर्षं स्वतःच्या हाताने लिहिलेली कार्डं. ग्रंथालयाच्या अध्यक्षांना त्या जागी सोफा हवा होता. एक तारखेला संगणक सुरू आणि आदल्या दिवशी कार्डं रद्दीत, असा ठराव झाला. नीट चालेल ना, असं अध्यक्षांनी बैठकीत विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझी जबाबदारी. घरी आल्यावर चपला काढता काढता तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "मी तुमच्या जिवावर बोलून आलेय."

सॉफ्टवेअर कोणीतरी वापरून, हाताळून, ठोकून पाहायला हवं होतं. संयोजकाने ग्रंथालयाच्या फळ्यावर सूचना लावली, की चाचणीसाठी स्वयंसेवक हवेत. पंधरा दिवसांत एक गृहस्थ आले. त्यांनी विचारलं, वाचनकक्षातला पंखा बघायला आलेले तुम्हीच का.

मग त्याला प्रमाणपत्रांची कल्पना सुचली. जो चाचणी करील त्याला प्रमाणपत्र. सोनेरी किनार, नाव मोठ्या अक्षरात, खाली "मानद परीक्षक". चाचणी कशी करायची याची बारा पायऱ्यांची यादी चौघांतल्या प्रोग्रामरने स्वतःच लिहून दिली. जे जे चालतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तेच नेमकं त्या यादीत होतं. बारावी पायरी म्हणजे "चाचणी पूर्ण" हे बटण. ते दाबलं की प्रमाणपत्र आपोआप हजर.

आठवड्यात तीनशे बारा स्वयंसेवक झाले. संयोजक हवेतच चालू लागला. अभिप्रायांचा नुसता पाऊस. छान. खूप छान. अप्रतिम, अभिनंदन. एकाने लिहिलं, रंग शांत वाटला. एका बाईंनी लिहिलं, आमच्या ह्यांनाही एक प्रमाणपत्र मिळेल का, ते बाहेरगावी असतात.

दोषांच्या तक्रारीही आल्या, एकूण एक्केचाळीस. संयोजकाने मोठ्या आनंदाने त्या प्रोग्रामरकडे पाठवल्या. नाव लांब असलं की किनारीबाहेर जातं. "डॉक्टर" लिहायला जागा नाही. फ्रेममध्ये बसवताना खालची सही कापली जाते. प्रोग्रामर तीन आठवडे मान मोडून बसला आणि त्याने एक्केचाळीसही दोष निस्तरले. त्यानंतर ते प्रमाणपत्र असं काही छापून यायचं, की पाहत राहावं.

जेवताना बायकोने विचारलं, "पण पुस्तक परत घेऊन पाहिलं का कोणी?"

संयोजक म्हणाला, एवढ्या तीनशे बारा जणांनी पाहिलं नसेल होय. जेवण झाल्यावर त्याने गुपचूप नोंदी उघडल्या. "चाचणी पूर्ण" दाबणारे तीनशे बारा. पुस्तक देण्याची खिडकी उघडणारे चार. पुस्तक परत घेणारा एकही नाही.

बायको मागे येऊन उभी होती; आकडे तिनेही वाचले. एक तारखेला आठ दिवस उरले होते.

"माझ्या मावशीला विचारा," ती म्हणाली.

हे ऐकून त्याला वाटलं, यापेक्षा एक तारीख परवडली. बायकोची मावशी कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होती. रोज हजारभर सदरे तिच्या हाताखालून जायचे आणि ती काज ओढून, शिवण ताणून, कॉलर उलटून त्यांतले सदोष बाजूला काढायची. निवृत्त झाल्यावर सदरे सुटले, सवय राहिली. लग्नाच्या दिवशीच तिने याच्या कोटाची बाही उलटून अस्तर कुठे सुटलंय ते दाखवलं होतं, तेही फोटो काढणाऱ्यासमोर. तेव्हापासून तो तिच्या घरी जाणं टाळायचा. खरं तर सगळेच टाळायचे.

दुसऱ्या दिवशी तो गेला. मावशीने दार उघडून त्याला आधी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"या जावईबापू. सहा वर्षांनी वाट सापडली. शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या दोऱ्याने लावलंय."

त्याने येण्याचं कारण सांगितलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, दोष निघावा असं वाटतंय, की निघू नये असं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, निघू नये असं.

"मग मला कशाला नेताय, टाळ्या वाजवायला?"

तो म्हणाला, "मावशी, तिची कार्डं रद्दीत जातायत."

मावशीने चष्म्याचं घर उचललं.

ग्रंथालयात तिने स्वतःच्या उंचीचं स्टूल शोधून घेतलं. बारा पायऱ्यांची यादी तिच्या हातात दिली, तर तिने ती चौकोनी घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली. मग कामाला लागली. न नेलेलं पुस्तक परत केलं. एकच पुस्तक दोघांना दिलं. वाचकाच्या वयाच्या जागी नऊशे लिहिलं, संगणकाने तेही मुकाट मान्य केलं. संयोजक शेजारी बसून वहीत लिहून घेत होता. दुपारपर्यंत वहीची सहा पानं भरली आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

तीनच्या सुमाराला मावशीने एक पुस्तक परत घेताना "परत" हे बटण दाबलं. ग्रंथालयाचा संगणक जुना होता, चार सेकंद ढिम्म हलला नाही. तिने पुन्हा दाबलं. पडद्यावर आलं: धन्यवाद. ग्रंथपालाने सहज ते पुस्तक यादीत शोधलं. नव्हतं. कोणी नेलंय असंही नाही, हरवलंय असंही नाही, मुळात असं पुस्तक ग्रंथालयात कधी नव्हतंच. ती ते पुस्तक हातात घेऊन उभी होती. मावशीने शांतपणे आणखी अठरा पुस्तकं तशीच नाहीशी करून दाखवली.

प्रोग्रामरला फोन लावला. तो दुखावल्यासारखा म्हणाला, पण दोनदा कोण दाबेल?

"ज्याला वाटतं की एकदा दाबून काही झालं नाही, तो," मावशी म्हणाली. "म्हणजे सगळे."

दुरुस्तीला महिना लागेल असं निघालं. ग्रंथपाल अध्यक्षांकडे गेली आणि कार्डं इतक्यात काढू नका म्हणाली. अध्यक्षांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे सोनेरी किनारीच्या फ्रेममध्ये त्यांचंच नाव होतं, मानद परीक्षक. ते म्हणाले, मी जातीने तपासलंय, आणि माझ्यासारखे तीनशे अकरा जण आहेत. एकट्या तुमच्या मावशीचं ऐकू का? संयोजक दाराशी उभा होता. स्वतःच वाटलेल्या कागदाशी कसं भांडायचं, ते त्याला कळेना.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी रद्दीवाल्याची गाडी दारात लागली. पहिलं कपाट ओढून भिंतीपासून पुढे आणलं गेलं. सोफ्यासाठी जागा मोजायला अध्यक्ष स्वतः आले होते. मावशी त्यांच्यासमोर एक जाड पुस्तक घेऊन उभी राहिली. अध्यक्षांचं आत्मचरित्र. ग्रंथालयात त्याची एकच प्रत होती, तीही त्यांनीच भेट दिलेली, आणि आदल्या दिवसापर्यंत एकदाही बाहेर न गेलेली.

"काल वाचायला नेलं होतं," मावशी म्हणाली. "परत करायचंय. तुम्हीच घ्या ना करून, तुम्ही परीक्षक."

अध्यक्ष खुलले. टेबलामागे बसून त्यांनी बटण दाबलं. चार सेकंद गेले. हा काय मेला डबा, असं पुटपुटत त्यांनी पुन्हा दाबलं.

"बघा बरं, नीट जमा झालं का," मावशी म्हणाली.

अध्यक्षांनी आपलं नाव टाइप केलं. पडद्यावर आलं: या लेखकाचे एकही पुस्तक नाही. त्यांनी आडनाव आधी घालून पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. ग्रंथपालाने पुढे ओढलेल्या कपाटाचा एक खण उघडला, दोन बोटांनी कार्डं सरकवली आणि एक वर उचलून धरलं. तिच्या वळणदार अक्षरात अध्यक्ष तिथे जसेच्या तसे होते, पृष्ठसंख्येसकट.

गाडी रिकामी परत गेली. सोफा कुठे ठेवायचा, यावर उपसमिती नेमली गेली.

संयोजकाने मावशीपुढे प्रमाणपत्र धरलं. तिने ते उजेडाकडे करून पाहिलं आणि म्हणाली, यावर तारीख नाही. तीनशे बारा जणांनी फ्रेम करून घेतलेल्या कागदावर खरोखरच तारीख नव्हती. त्याने तेही वहीत लिहिलं, आणि मग त्याच पानावर नवी सूचना लिहायला घेतली. बायकोने दोन शब्द खोडून ती अशी केली:

"चुका काढणारी माणसं हवीत. तुमच्या घरी एखादं असेल, ज्याला कोणी कशाला बोलावत नाही. मंगळवारी दुपारी त्याला घेऊन या. प्रमाणपत्र मिळणार नाही. सगळं ऐकून घेतलं जाईल आणि लिहून ठेवलं जाईल."

मंगळवारी अकरा जण आले. त्यांत एक निवृत्त तिकीट तपासनीस, दोन सासवा, एक माजी मुख्याध्यापिका, आणि कोणाच्या तरी मोठ्या वहिनी, ज्यांना पोचवायला आलेले दीर दारातूनच पळाले. सगळ्यांत पुढे तिकीट तपासनीस होते. आत न येता ते फळ्यापाशी थांबले.

"ही सूचना वाकडी लावलीय," ते म्हणाले.

संयोजकाने वही उघडली.