एक पट्टी, दोन गुडघे

मी गुडघ्याची पट्टी बोलतेय. औषधाच्या दुकानात मला नी-कॅप म्हणतात, पण कोल्हापुरात ज्या घरात मी राहिले तिथे सगळे मला पट्टीच म्हणायचे. आत्ता मी डब्लिनच्या विमानतळावर आहे, सामान देण्याच्या रांगेजवळच्या एका बाकावर, शोभनाताईंच्या पर्समध्ये. विमानाला अजून बराच वेळ आहे. तेवढ्यात माझी हकिकत सांगून टाकते. पावणेतीन वर्षं एक गोष्ट माझ्या मनात सलतेय आणि ती बोलल्याशिवाय मला या देशातून निघवत नाही.

माझा जन्म इचलकरंजीचा. मागांच्या खडखडाटात माझं कापड विणलं गेलं आणि नंदाताई नावाच्या बाईंनी माझी शिवण घातली. दिवसभर पट्ट्या शिवून त्यांचं मनगट सुजायचं. त्यांच्या मनगटासाठी कुणी पट्टी शिवल्याचं मी पाहिलं नाही. तिथून मी कोल्हापूरच्या एका मेडिकल दुकानात आले आणि तिथून बाळासाहेबांच्या उजव्या गुडघ्यावर.

बाळासाहेब महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होते. ऑफिसचा जिना चढताना त्यांचा गुडघा कुरकुरायचा. पण तरुणपणी हाच माणूस कॉलेजच्या टीमचा हुकमी खेळाडू होता. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पेठेपेठेची टीम, तालमीतालमीचं वैर, आणि सामना असला की घरातलं जेवण लवकर उरकायचं.

त्यांची एक गोष्ट होती. विद्यापीठाच्या स्पर्धेतला सामना, पहिल्या अर्ध्यात गुडघा मुरगळला. हाफ टाइमला त्यांनी कुणाचा तरी टॉवेल फाडला, मित्राला म्हणाले, घट्ट आवळ. आणि दुसऱ्या अर्ध्यात त्याच पायावर उभं राहून गोल मारला. पोरांनी खांद्यावर घेऊन तालमीपर्यंत नेलं. ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेन. ती दर वेळी तालमीच्या दारात संपायची. त्यानंतर महिनाभरात राज्याच्या संघाचं शिबिर होतं. तिथे ते का गेले नाहीत, असं कुणी विचारलंच तर त्यांच्या पत्नी शोभनाताई उत्तर द्यायच्या, नोकरी लागली ना यांना.

मी त्या गुडघ्यावर बसलेली. आत काय उरलंय ते मला कळत होतं. पण पट्टीला कोण विचारतं?

राजस हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो ही गोष्ट ऐकतच मोठा झाला. त्याच्या डाव्या पायात चेंडू आला की गॅलरीतली माणसं भेळेचा कागद खाली ठेवायची. इंजिनिअरिंग कॉलेजचा तो कॅप्टन होता, आणि अभ्यासातही बरा होता म्हणून पुढे डब्लिनला एमएस करायला निघाला. शोभनाताईंनी बॅगेत चटण्या भरल्या, लाडू भरले. बाळासाहेबांनी स्वतःच्या गुडघ्यावरून मला काढलं, धुतलं, वाळवलं आणि त्याच्या बुटांत खोचलं. थंडीत गुडघा आखडतो म्हणाले. स्वतःला मात्र त्यांनी दुसरी पट्टी घेतली नाही.

डब्लिनच्या सँट्री भागात राजस चौघांत मिळून राहायचा. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे मला आधी मजेशीर वाटलं. गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, ते हॉट प्रेस. त्यात ओले कपडे वाळवायचे. माझी जागा तिथेच होती, त्याच्या मोज्यांच्या शेजारी.

कॉलेजच्या टीमचा कोच डेक्लन नावाचा पन्नाशीचा गृहस्थ. एरवी तो शाळेत सुतारकाम शिकवायचा. त्याने राजसला दोन महिने पाहिलं आणि जवळच्या ड्रोहेडा गावातल्या एका क्लबमध्ये कुणाशी तरी बोलला. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी ट्रायल ठरली. निवड झाली तर राजस शिक्षण संपता संपता खराखुरा लीगचा खेळाडू होणार होता. त्याने घरी फोन केला तेव्हा बाळासाहेबांनी ट्रायलची तारीख दोनदा विचारून घेतली. शेवटी शोभनाताईंनी फोन घेतला आणि त्यांना रडू आलं.

नोव्हेंबरात एनिस नावाच्या गावी सामना होता. मैदान पावसाने भिजलेलं. राजस वळला आणि उजव्या गुडघ्यात काहीतरी कट्‌कन तुटलं. त्या वेळी मी बॅगेत होते. परतीच्या बसमध्ये त्याने मला चढवलं, तेव्हा आतून गरम सूज माझ्यावर दाबत होती. बाळासाहेबांच्या गुडघ्याशी इतकी वर्षं माझी ओळख, हे दुखणं मला अनोळखी नव्हतं. मी घाबरले.

आता इथल्या आपल्या मंडळींची एक रीत सांगते. दात दुखला, चष्म्याचा नंबर बदलला, पाठ धरली, की म्हणायचं, इंडियाला गेलो की दाखवू. इथे डॉक्टरची वेळ घ्या, मग चिठ्ठी, मग तपासणीसाठी थांबा; तिकडे सकाळी गेलं की संध्याकाळी रिपोर्ट हातात. प्रत्येकाच्या फोनमध्ये डिसेंबरची यादी असतेच. राजसच्या घरात राहणारी स्वराली पुण्याची. तिची अक्कलदाढ गणपतीपासून दुखत होती आणि ती तीन महिने एकाच बाजूने चावत होती. तिनेही राजसला हाच सल्ला दिला. पाच आठवड्यांचा तर प्रश्न, म्हणाली.

डेक्लनने तीनदा विचारलं, स्कॅन करून घेऊ या का? तीनदा राजसने हसून ‘ग्रँड’, म्हणजे एकदम ठीक, म्हणून सांगितलं. पोरगं इथलं बोलणं चटकन शिकलं होतं. स्कॅन केला तर ट्रायल जाईल, ही खरी भीती होती. मग तो मला घट्ट चढवून सराव करायचा आणि मी माझ्या परीने गुडघा धरून ठेवायची. मला वाटायचं, मी मदत करतेय. खरं म्हणजे मी त्याचं दुखणं झाकत होते. आजही त्याची मला लाज वाटते.

डिसेंबरात आम्ही कोल्हापूरला गेलो. शोभनाताईंनी हाडाच्या डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवली होती. आदल्या संध्याकाळी बाप-लेक गच्चीवर बसले होते. राजस म्हणाला, “पप्पा, डॉक्टर खेळू नको म्हणाले तर? ट्रायल सतरा दिवसांवर आलीय.”

 बाळासाहेबांचा हात स्वतःच्या गुडघ्यावर गेला. मला वाटलं, आता सांगतील. तालमीच्या दाराच्या पुढची गोष्ट आता तरी सांगतील.

“मग आधी ट्रायल देऊन ये,” ते म्हणाले. “पट्टी घट्ट आवळ आणि जा. मी नव्हतो का खेळलो?”

दुसऱ्या दिवशी शोभनाताईंना सांगण्यात आलं की दुखणं थांबलंय. त्यांनी दवाखान्यात फोन करून ती वेळ रद्द केली.

ड्रोहेडाच्या मैदानावर त्या सकाळी दव गोठलं होतं. राजस बावीस मिनिटं खेळला. ती बावीस मिनिटं तुम्ही पाहायला हवी होती. कडेला उभी असलेली अनोळखी माणसं एकमेकांना त्याचं नाव विचारत होती. तेविसाव्या मिनिटाला तो चेंडू घेऊन आत वळला आणि गुडघा माझ्या पकडीतून सुटला. मी किती जरी आवळून धरलं असतं तरी तो सुटणारच होता. राजस जमिनीवर पडला आणि दोन्ही हातांनी मला धरून राहिला.

हॉस्पिटलमध्ये केरळची एक नर्स मला कात्रीने कापून काढणार होती. राजस म्हणाला, कापू नका, वडिलांची आहे. मग तिने फार जपून मला उतरवलं. डॉक्टरांनी फोटो पाहून समजावून सांगितलं. गुडघ्यातली दोरी, म्हणजे लिगामेंट, नोव्हेंबरातच तुटली होती. तेव्हा जोडली असती तर वर्षभरात तो पुन्हा खेळला असता. पण तुटक्या दोरीवर दोन महिने खेळल्याने आतली गादीच झिजून गेली होती. आता ऑपरेशननंतर तो चालेल, जिने चढेल, सायकलही चालवेल. खेळायचं मात्र विसरावं लागेल. एवढं दुखत असताना खेळायला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

“कुणी नाही,” राजस म्हणाला.

घरी फोनवर त्याने सांगितलं, दव पडलं होतं, पाय घसरला. बाळासाहेब नुसतं “बरं” म्हणाले. त्यानंतर दोघांत फुटबॉल हा शब्द निघाला नाही. हवामानाचं बोलायचे, जेवलास का विचारायचे.

राजसला सँट्रीतच सॉफ्टवेअरची नोकरी लागली. बूट त्याने कुणाला तरी देऊन टाकले. मला का ठेवलं कोण जाणे. मी हॉट प्रेसमध्ये टॉवेलांच्या खाली पडून राहिले. रोजच्या उबेने माझ्यातलं रबर हळूहळू मरत गेलं. डेक्लनचा अधूनमधून फोन यायचा, सामना पाहायला तरी ये म्हणून. राजस दर वेळी येतो म्हणायचा आणि जायचा नाही.

या सप्टेंबरात बाळासाहेब आणि शोभनाताई पहिल्यांदा इथे आले. लेक जिना उतरताना कठड्याला धरतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं. 

गेल्या रविवारी तनय आला. हा नागपूरचा, त्याच कॉलेजात यंदा शिकायला आलेला आणि त्याच टीममध्ये खेळणारा. जरा लंगडत होता. म्हणाला, “दादा, तुझ्याकडे नी-कॅप आहे ना? बुधवारची मॅच काढायची आहे फक्त. डिसेंबरमध्ये इंडियाला जातोच आहे, तिथे दाखवून देतो.”

राजस थबकला. पण आपल्याकडे दारी आलेल्याला नाही म्हणायची सवय नसते. त्याने प्रेस उघडलं, टॉवेलांखालून मला काढलं आणि बाहेर आणलं. तनय तोवर बाळासाहेबांना विचारत होता, “काका, तुम्ही म्हणे पट्टी बांधून गोल मारला होता?”

बाळासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. राजसने मला त्यांच्या हातात दिलं. इतक्या वर्षांनी तो हात लागला. 

“मारला होता,” ते म्हणाले. “पुढचं मात्र मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मला पाय टेकवेना, बघ. शिबिराला गेलोच नाही. त्या गोलानंतर मी एक मॅच खेळलेलो नाही. नोकरी लागली म्हणून सोडलं, ते खोटं. आणि हे सगळं ठाऊक असताना मी या पोराला सांगितलं, पट्टी आवळ आणि जा.”

शोभनाताई मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. छत्तीस वर्षांच्या संसारात त्याही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या.

“वेळ मी घेऊन ठेवली होती डॉक्टरांची,” त्या एवढंच म्हणाल्या.

 मग राजस हळूच म्हणाला, “पप्पा, दव पडलं होतं त्या दिवशी.”

“दव नव्हतं रे ते,” बाळासाहेब म्हणाले आणि रडू लागले. मी त्यांच्या मुठीत होते. गुडघ्याने कळवळलेला हा माणूस मी अनेकदा पाहिला होता, रडताना कधी पाहिला नव्हता.

राजसने त्यांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. मग गाडीची किल्ली उचलली आणि तनयला घेऊन इथल्याच दवाखान्यात गेला. रविवार होता, चार तास बसावं लागलं. तनयचं थोडक्यात निभावलं, आठ आठवडे खेळायचं नाही एवढंच. बुधवारचा सामना हुकला म्हणून तो राजसवर अजून रुसलेला आहे. रुसू दे.

माझी विनंती एवढीच आहे. तुमचं काही दुखत असेल तर मला शोधायच्या आधी कुणाला तरी सांगा. आणि तुमच्या घरात कुणी आपल्या पराक्रमाची गोष्ट सांगत असेल तर त्यांना पुढचंही विचारा. मी पट्टी आहे. मला आवळता येतं, बरं करता येत नाही.

आता राजस सामान देऊन परत आला आहे. तो आईच्या पर्समधून मला काढतो. पूर्वीसारखं त्याला उकिडवं बसता येत नाही, म्हणून तो एक खुर्ची ओढून बापासमोर बसतो, त्यांचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतो, पँट दुमडतो. विमानात गुडघा आखडतो, म्हणतो. मी त्या जुन्या हाडांवर पुन्हा चढते. माझ्यात आता ताण उरलेला नाही, मी घसरते, तो मला परत वर ओढतो.

“घट्ट करू का, पप्पा?” तो विचारतो.

“नको,” बाळासाहेब म्हणतात. “सैलच असू दे.”