आत येऊ का?

मित्रांनो, मी पाचवीच्या वर्गाचे एक जुने लाकडी दार आहे. मला घडवताना सुतार म्हणाला होता, "दार कसं, गुमान उघडलं पाहिजे." त्याने काम चोख केले. पण दाराचा स्वभाव ते उघडणाऱ्याच्या हातात असतो, हे मला पुढे कळले.

आधीचे गुरुजी वाईट नव्हते. गणितात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण ते मला धाडकन लोटत आणि त्या आवाजासरशी सारा वर्ग हाताची घडी, तोंडावर बोट. उशीर झालेल्याने बाहेर उभे राहायचे, हा त्यांचा नियम. एक मुलगी त्यात नेहमी सापडे. धाकट्या भावाला बालवाडीत सोडून येईपर्यंत तिला उशीर होई. मग ती नखाने माझा हिरवा रंग खरवडत उभी राहायची. एके दिवशी तिची आई तिला हाताला धरून घेऊन आली आणि म्हणाली, "गुरुजी, ही म्हणते शाळाच नको." मला फार वाईट वाटले.

पुढे गुरुजींची बदली झाली आणि नव्या बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला टकटक केले.

"आत येऊ का?"

मुले बुचकळ्यात पडली. आपल्याच वर्गात यायला बाई परवानगी मागतात? यात नक्की काहीतरी गोम आहे, असे समजून सगळी गप्प बसली. बाईही बाहेरच थांबल्या. अखेर मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटले, "या की." तेव्हा कुठे त्या आत आल्या.

ती मुलगी मात्र उशिरा आली आणि सवयीने माझ्याआडच उभी राहिली. तिच्या भावाचे बाईंना हजेरी घेताना मुलांकडून कळले होते. बाईंनी मला हळूच उघडले.

"ये गं, तुझी जागा राखून ठेवलीय. भाऊ रडला का आज?"

"थोडासा," ती म्हणाली. त्या वर्गात तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

हळूहळू वर्ग बोलू लागला. गणिते तीच होती, पण आता चुकायला कोणी घाबरत नव्हते. "कसं चुकलं ते सांग, मजा येईल," असे बाई म्हणत आणि चुकलेला स्वतःच हसत फळ्यापाशी जाई. असा वर्ग मी आधी पाहिला नव्हता.

मग एकदा बाईंनाच उशीर झाला. त्यांची आई आजारी होती, हे मुलांना ठाऊक होते. माझ्यावर कपाळ टेकून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग नेहमीसारखे टकटक केले.

आतून मला त्याच मुलीने उघडले.

"या बाई, तुमची जागा राखून ठेवलीय. आई कशा आहेत?"

"बरी आहे, थोडीशी," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, तेही सगळ्यांसमोर.

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेल घालत जा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी शिक्षक झालेच, तर मला लोटण्याआधी एकदा टकटक करा. आतली मुले 'या' म्हणायला शिकतील.