नाव मात्र घेतलं नव्हतं

हेमलताचं ठरलेलं लग्न मोडलं, हे कौशल्याच्या आईनं डोसा उलटता उलटता सांगितलं आणि कौशल्यानं तोडलेला घास परत ताटात ठेवला. मुलीला मागं क्षय झाला होता, तो म्हणे लपवला.

"चांगली बरी झाली की ती," आई म्हणाली. "पण मुलाकडच्यांना हे सांगितलं तरी कुणी?"

सांगितलं होतं कौशल्यानं. तेही कुणाच्या कानात कुजबुजून नव्हे. भरल्या सभागृहात, टाळ्या घेत.

त्याचं असं झालं. कौशल्या इस्पितळात रुग्णांचे कागद सांभाळायचं शिक्षण घेत होती. त्या काळी हे शिक्षण इतकं नवं, की अर्ध्या नातेवाइकांना ती नर्स वाटायची आणि उरलेल्यांना कारकून. अशात बंगळुरात या कामातल्या लोकांची परिषद भरली. विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी आपला अनुभव सांगावा असं ठरलं, तेव्हा बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि कौशल्यानं हात वर केला. आपण काय करतो ते एकदा जगाला कळावं, ही हौस तिला होतीच.

शिक्षकांनी एकच बजावलं होतं, रुग्णाचं नाव घ्यायचं नाही. तिनं घेतलं नाही. एकाच नावाच्या दोन मुलींचे कागद एकमेकांत मिसळले होते, एकीचं औषध दुसरीला जायचं, ते आपण कसं पकडलं, हे तिनं अगदी रंगवून सांगितलं. "एकीचे वडील रेल्वेत. क्षयाची जी होती, तिच्या वडिलांचं चिकपेटात जरीच्या टोप्यांचं दुकान. त्यावरून मी दोघींना वेगळं काढलं."

आता चिकपेटात दुकानांना काय तोटा? पण जरीच्या टोप्या विकणारा मराठा तिथं एकच, हेमलताचा बाप पिराजी. बंगळुरातल्या कुठल्याही मराठ्याच्या घरी नवरदेवाची टोपी यायची ती त्याच्याकडूनच. कौशल्याच्या भावाचीही तिथूनच आली होती. एवढी शिकलेली पोरगी, पण एवढ्या मोठ्या शहरात नाव न घेता माणूस सापडत नाही, असं खुशाल धरून चालली.

जेवणाच्या वेळी होसकोट्याकडचे एक कारकून, जयसिंगराव, मुद्दाम तिच्याजवळ आले. "छान बोललात अक्का. टोप्यांचं दुकान म्हणजे पिराजी अण्णांचं काय?"

"हो, त्यांचंच," कौतुकानं फुगलेली कौशल्या म्हणाली. "ओळखता तुम्ही?"

"स्वल्प, थोडंसं," म्हणून ते हात धुवायला गेले. हेमलताला सांगून आलेला मुलगा त्यांचा पुतण्या होता, हे कौशल्याला आता आईच्या तोंडून कळलं. डोसा तसाच टाकून ती इस्पितळात गेली. दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही.

त्याच आठवड्यात हेमलता तपासणीला आली आणि नेहमीसारखी कागदांच्या खोलीत डोकावली.

"मुलाकडच्यांना शेजारच्या सोयराबाईंनी सांगितलं, अक्का," ती म्हणाली. "मी इथं असताना डबा त्याच आणायच्या. घराबाहेर त्यांनाच तेवढं ठाऊक. आईनं त्यांचं येणंजाणं बंद केलंय. बिचाऱ्या रोज दारात येऊन शपथा घेतात."

गप्प बसावं असं कौशल्याला फार वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"सोयराबाईंनी नाही. मी सांगितलं." मग तिनं परिषद, भाषण, टाळ्या, जयसिंगराव, सगळं सांगून टाकलं. "नाव मात्र घेतलं नव्हतं ग," असंही ती बोलून गेली आणि तिला स्वतःचाच राग आला.

हेमलता रडली नाही. तिनं कपाटांकडं बोट दाखवलं.

"माझे कागद मला द्या. चुलीत घालते."

"देता येत नाहीत. इथून बाहेर जाऊ द्यायचे नाहीत, असा नियम आहे."

"बाहेर जाऊ द्यायचे नाहीत," हेमलता हळूच म्हणाली. "सरी, ठीक आहे अक्का. मग तुम्ही चला."

"कुठं?"

"आमच्या गल्लीत. आईसमोर, सोयराबाईंसमोर उभं राहून सांगा. तुम्हाला छान बोलता येतं." ती दाराकडं वळली. "या वेळी नाव घेऊन सांगा. तुमचं."

कौशल्यानं कपाटाला कुलूप लावलं आणि ती तिच्या मागोमाग निघाली.