पाठ फिरवा, डोळे मिटा आणि फेका

मित्रांनो, जरा भरभर सांगते हं. मला एका जागी स्वस्थ बसवत नाही, आणि नेमकी मीच कित्येक वर्षं एका खिळ्याला लटकून आहे. मी एक जुनी लाकडी चौकट आहे. माझ्यात चित्र नाही, काच नाही, आरसाही नाही. चार पट्ट्या, आडव्या-उभ्या बांधलेल्या दोऱ्या आणि मध्ये मोकळी हवा, एवढाच माझा संसार. विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागात, प्रयोगशाळेच्या भिंतीवर मी असते. पुस्तकात मला क्वाड्रॅट म्हणतात. एवढं जड नाव मला झेपत नाही. मुलं चौकट म्हणायची, तेच बरं होतं.

माझा जन्म एका मोडक्या बाकातून झाला. शेवटच्या बाकावर मुलं नाचली आणि बाक मोडला. सुतारकाकांनी आधी मुलांना फैलावर घेतलं, मग फळ्या गोळा करून नेल्या. तेवढ्यात विभागातल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "काका, यातून एक चौकट करून द्या. दणकट हवी. रोज फेकायची आहे." काका कानावरची पेन्सिल काढायचंच विसरले. "बाई, वस्तू टिकावी म्हणून सगळे सांगतात. फेकायला आजवर कुणी मागितली नव्हती." पण त्यांनी मला मनापासून केलं. फक्त एका कोपऱ्यातला स्क्रू आखूड पडला. तो कोपरा अजून किरकिरतो, आणि मी किरकिरी आहे असं सगळे म्हणतात ते त्यामुळेच.

आता फेकायचं कशाला, ते ऐका. वसतिगृहामागे एक मोठं कुरण आहे. त्यातलं पानन् पान मोजायला बसलं तर मोजणाऱ्याचे केस पिकतील. म्हणून शिकणाऱ्याने कुरणात उभं राहायचं, पाठ फिरवायची, डोळे मिटायचे आणि मला डोक्यावरून मागे भिरकावायचं. मी पडेन तिथे गुडघे टेकायचे आणि माझ्या आत जे जे उगवलंय, सरपटतंय, ते मोजायचं. असं पुन्हा पुन्हा केलं की अख्ख्या कुरणाचा अंदाज येतो. बाई पहिल्याच दिवशी बजावायच्या, "डोळे उघडे ठेवलेत तर हात आवडीच्या जागी जातो. मग तुम्ही कुरण नाही मोजत, स्वतःची आवड मोजता."

काय दिवस होते ते! सकाळ झाली की मला धीर निघत नसे. हवेत गरगर फिरायचं आणि पडायचं ते कुठेही. कधी चिखलात, कधी काट्यांत, एकदा तर झाडाखाली झोपा काढणाऱ्या एका मुलाच्या पोटावर. मुंग्या अंगावरून वरात काढायच्या. मुलं वाकून वाकून कंबर धरायची आणि "मेलो बाई!" म्हणत पुन्हा फेकायची.

सगळ्यांत झकास फेकायची ती एक मुलगी. वर्गात बसली तरी तिचा एक पाय हलतच असायचा, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आमचं लगेच जमलं. एकदा माझी एक दोरी काट्यात अडकून तुटली. भिंगरीने तिथल्या तिथे आपल्या बुटाची पिवळी नाडी काढून मला बांधली आणि दिवसभर एक बूट फटक फटक वाजवत फिरली. ती नाडी अजून माझ्या अंगावर आहे.

तिच्या शेवटच्या वर्षी बातमी आली. विद्यापीठाला गाड्या लावायला जागा हवी होती, आणि कुरणावर सिमेंट ओतायचं घाटत होतं. एक समिती येऊन पाहणार आणि मग ठरवणार होती. बाईंनी भिंगरीला बोलावलं. "तुझा प्रकल्प याच कुरणावर आहे. समितीपुढे तूच बोलायचंस. नीट मोजून ठेव." झालं! भिंगरीचं जेवणाखाण्यावरचं लक्षच उडालं. घर सोडून शिकायला आल्यावर ती पहिल्यांदा रमली होती ती या कुरणात. ते जाणार या विचाराने तिला रडू यायचं, आणि रडू आलं की ती मला आणखी जोरात फेकायची.

तिच्याबरोबर मोजणीला तिचा वर्गमित्र असायचा. चष्म्यामुळे त्याचं नाव ढापण्या पडलं होतं. एका सकाळी कुरणाच्या ओलसर कोपऱ्यात त्याला एक फूल दिसलं. निळं, नखाएवढं. बाईंनीसुद्धा ते उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलेलं. ढापण्या नाचायलाच लागला. "सुटलो! हे मोजणीत आलं की समितीची बोलती बंद!"

पण मोजणीत यायचं तर मी तिथे पडायला हवं ना! भिंगरी फेकायची, मी कुंपणाशी. पुन्हा फेकायची, मी खेळाच्या मैदानाकडे जाणाऱ्या पायवाटेवर. मित्रांनो, मी हवेत अंग वळवूनही पाहिलं. पण एकदा हातातून सुटल्यावर माझं कोण ऐकतो? समिती यायचा दिवस जवळ आला, तरी ते फूल काही माझ्या पोटात येईना.

शेवटी ढापण्या वैतागला. "अगं, ठेव ना हिला सरळ फुलावर. कोण बघतंय?"

भिंगरीने मला उचललं, ओलसर कोपऱ्यात नेलं आणि डोळे उघडे ठेवून अलगद खाली ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी ठेवलं होतं! माझ्या अंगावर काटाच आला. फूल माझ्या बरोब्बर मधोमध डुलत होतं. ते वाचावं असं मलाही फार फार वाटत होतं, पण आतून काहीतरी खुपत होतं. भिंगरीने पेन्सिल कागदावर टेकवली आणि ती तशीच बसून राहिली.

"लिही की," ढापण्या म्हणाला.

"नाही रे जमत."

"पण बघतंय कोण?"

"मी बघतेय ना!" ती एवढ्या जोरात ओरडली की दोन टोळ माझ्यातून उडून गेले. "आणि समज, लिहिलं. उद्या ते म्हणाले, ठीक आहे, एवढं रोप कुंडीत लावा आणि बाकीच्यावर ओता सिमेंट, तर? बाकीचं कुरण काय फुकटचं आहे?"

ढापण्याचं तोंड एवढंसं झालं. भिंगरीने फुलाची नोंद वेगळ्या पानावर केली, जसं दिसलं तसं. मग नाक पुसलं, पाठ फिरवली, डोळे मिटले आणि मला असं काही भिरकावलं की माझा कोपरा हवेतच किंचाळला.

समिती आली ती कडक उन्हात. पुढे बांधकामाचे इंजिनिअरसाहेब होते, चकचकीत बूट घातलेले. कुरणावर एक नजर टाकून ते म्हणाले, "इथे आहे काय? नुसतं गवत." भिंगरीने पाठ केलेलं सगळं भाषण तिथेच हवेत विरलं. ती लालबुंद झाली. मग तिने मला त्यांच्यापुढे धरलं. "सर, एकदा तुम्हीच फेका. पाठ फिरवा, डोळे मिटा आणि फेका."

लोक हसले. साहेबही हसले, पण त्यांनी फेकलं. आणि मी पडले कुठे? कुंपणाजवळच्या सगळ्यांत रटाळ जागी, जिथे पोरं चेंडू खेळून खेळून गवत तुडवतात. मी मनात म्हटलं, संपलं, आता काही खरं नाही.

"आता यात काय काय आहे ते मोजा," भिंगरी म्हणाली. साहेबांनी नाइलाजाने पँट वर ओढली आणि ते उकिडवे बसले. "हे गवत. झालं." "सर, शेजारचं बघा. पान उलटं करा." साहेबांनी केलं. "अरेच्चा, याला तर लव आहे. हे निराळं दिसतंय." मग त्यांना तिसरं सापडलं. मग एक रांगणारी वेल, तिच्याखाली गोगलगाय, गोगलगायीपलीकडे कोळ्याचं बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी जाळ्याचं इवलंसं दार. साहेबांनी गुडघे टेकले. तेवढ्यात त्यांचा ड्रायव्हर आला. "साहेब, पुढच्या मीटिंगला उशीर होतोय." साहेब मान वर न करता म्हणाले, "थांब रे, अजून एक कोपरा राहिलाय."

गाड्यांची जागा कार्यशाळेमागे सरकली. तिथे आधीचंच सिमेंट होतं.

त्यानंतर माझं कौतुक झालं, आणि मित्रांनो, त्या कौतुकानेच माझा घात केला. मला पॉलिश लागलं. माझा फोटो निघाला. पुढे बाई निवृत्त झाल्या. भिंगरी शिकायला लांब गेली, शिकवायला परत आली आणि आता मुलं तिलाच बाई म्हणतात. तिनेच मोठ्या प्रेमाने मला इथे टांगलं. "जपा हं तिला," असं ती सगळ्यांना सांगते. मुलं जपतात. महिन्यातून एकदा फडका मारतात आणि मोजणीसाठी वरून उडणाऱ्या कॅमेऱ्याचे फोटो घेऊन बसतात. कॅमेऱ्याशी माझं भांडण नाही. पण खिडकीतून कुरण दिसतं, वारा आला की मी भिंतीवर खटखट आपटते, आणि कुणाचं लक्षच जात नाही. रोज बैठकांना धावणाऱ्या भिंगरीचंही नाही. तुम्हीही एखाद्या कामाच्या वस्तूचं असंच कौतुक करून तिला भिंतीवर चढवलं असेल, तर कृपा करून आजच खाली उतरवा. न वापरता जपणं हीसुद्धा एक हेळसांडच आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे सकाळी इथे एक नवीन इंजिनिअरबाई आल्या आहेत. कुरणावर वसतिगृहाची नवी इमारत बांधायची आहे. त्यांनी टेबलावर वरून काढलेला फोटो पसरला. "बघा ना मॅडम, सगळं एकसारखं हिरवं. नुसतं गवत आहे."

भिंगरीचा पाय टेबलाखाली हलायला लागला. किती वर्षांनी! तिने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठली आणि तिने मला असा हिसका दिला की खिळाही पोपड्यांसकट बाहेर आला.

"बाई, मोडेल ना ती!" एक विद्यार्थिनी घाबरून म्हणाली.

"मोडू दे. जोडू पुन्हा. बूट आहेत की पायात."

आणि आम्ही जिन्यावरून धडाधड खाली उतरलो. ऊन लागलं, गवताचा वास आला, माझा कोपरा किरकिरला. भिंगरीने मला इंजिनिअरबाईंच्या हातात दिलं. "पाठ फिरवा. डोळे मिटा."

मित्रांनो, आत्ता मी हवेत आहे. कुठे पडेन, मला खरंच माहीत नाही. पडेन तिथे या, आणि आधी गुडघे टेका.