मेहबूबची घोडी इंग्रजी शिकते

मेहबूबने सकाळी सकाळी घोडीला "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि नईमाने हातातली पाण्याची बादली दाणकन खाली ठेवली.

"आनि माले?" ती म्हणाली. "लगीनले इतला वरीस व्हयनात, माले कधी इचारं का, सकाय चांगली गई का वाईट?"

"तुले इंग्रजी येस का?"

"नूरीले येस?"

"म्हनीसन तं शिकाडी ऱ्हायनू," मेहबूब मिशीवरून हात फिरवत म्हणाला.

सारंगखेड्यात तापीच्या अंगाला त्यांचं घर. पाहुण्यांशी हिंदी, पण भांडण मात्र अहिराणीतच, कारण अहिराणीत बोललेलं नवऱ्याला नीट लागतं असा नईमाचा अनुभव होता. नूरी ही त्यांची वरातीची घोडी. एकेकाळी शहाद्यापर्यंतचे नवरदेव तिच्या पाठीवर बसून मांडवात गेले. आता नवरदेवाला छत उघडणारी गाडी लागते. घोडीवर बसतो तो गाडी न मिळालेला, अशी नवी रीत झालीय. त्यामुळे नूरी दावणीला उभी राहून कडबा खायची आणि मेहबूब खाटेवर बसून काळ कसा बदलला ते सांगायचा.

भादव्यात नाशिककडून उमाकांतसाहेब आले. तिकडच्या एका बड्या शाळेत पोरांना घोडेस्वारी शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. गल्लीतली पोरं नूरीच्या पोटाखालून धावत होती आणि ती शेपूटही हलवत नव्हती, ते त्यांनी पाहिलं आणि तिथंच त्यांचं मन बसलं.

"घोडी द्या, आणि सांभाळायला तुम्हीही चला," ते मेहबूबला म्हणाले. "राहायला खोली आहे. पण आमची मुलं इंग्रजीच बोलतात. घोडीला आणि माणसाला, दोघांना साधे शब्द तरी यायला हवेत. दत्तजयंतीच्या घोडेबाजारात येतो मी. तेव्हा बघू."

आता ज्या पोरांचे आईबाप मराठीत भांडत असतील, त्या पोरांना घोड्याशी मराठीत का बोलता येऊ नये, हे काही मेहबूबने विचारलं नाही. मोठ्या शाळेचं मोठं कारण असणार. त्याला एवढंच कळलं की जमलं तर नूरीबरोबर आपणही जाऊ. नाही जमलं तर त्याच बाजारात तिला परक्याच्या हाती द्यावं लागेल, कारण नुसतं उभं जनावर पोसायचं तरी किती? सुरतेहून मुलगा अजहर फोनवर हेच म्हणत होता.

नूरी आली तेव्हा आईवेगळं शिंगरू होती. नईमाने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. चारापाणी तीच करायची, खराराही तीच. लग्नाच्या दिवशी फेटा बांधून लगाम धरायचा, हे अवघड काम तेवढं मेहबूबकडे होतं. तो जगाला "मन्ही घोडी" सांगायचा. नईमा नुसतं "नूरी" म्हणायची.

शिकवायला मेहबूबची पुतणी तमन्ना आली. लोणखेड्याला कॉलेजात जायची. पहिल्याच दिवशी तिने सुरुवात केली, "ए फॉर ऍपल."

"ऍपल घोडीले कोन खावाडस व माय?" नईमा वैरण टाकता टाकता म्हणाली. "आपलाच घरमा कधी येस ते?"

"तू गप बैस," मेहबूब डाफरला. "इंग्रजीना पाया शे तो."

पाया भरण्यात बरेच दिवस गेले. मेहबूबला ऍपल एवढं पक्कं झालं, की झोपेतून उठवलं असतं तरी त्याने तेच सांगितलं असतं. शेवटी तमन्नाने कपाळाला हात लावला आणि कामाचे शब्द काढले. कम, स्टॉप, वॉक, स्लो, लेफ्ट, राइट. पोरगं घाबरलं तर काय म्हणायचं, पडलं तर काय म्हणायचं, तेही.

शिक्षणाची तऱ्हा अशी: मेहबूब चहाचा पेला घेऊन खाटेवर बसणार, नईमा दोरी धरून नूरीला निंबाभोवती फिरवणार. तमन्ना शब्द सांगायची. मेहबूब तो मोठ्यांदा म्हणायचा. मग फिरवणाऱ्या नईमाला तो घोडीच्या कानात म्हणावाच लागायचा, कारण खाटेवरचं इंग्रजी निंबापर्यंत पोचत नव्हतं.

"लेफ्ट म्हंजे कोनता? जेवाना हात का दुसरा?" मेहबूब रोज विचारायचा.

"दुसरा, चाचा."

"काल तं जेवाना सांगा व्हता तू."

"काल पण दुसराच सांगितला होता, चाचा."

"मंग इंग्रजीमाच काहीतरी खोट शे," मेहबूब म्हणायचा. नाचता येईना अंगण वाकडं.

गावात मात्र त्याचं इंग्रजी जोरात चालायचं. एसटीच्या कंडक्टरला तो थँक्यू म्हणायचा, तिकीट न काढता उतरल्यासारखा खुशीत. दोधूआप्पाच्या म्हशीला धक्का लागला तर सॉरी म्हणायचा.

"मेहबूबभाऊ, मन्ही म्हैसले बी शिकाड ना," दोधूआप्पा म्हणाला. "दूध वाढी का?"

"म्हैसना घसा जाड ऱ्हास, आप्पा. तिले जमाव नई," मेहबूबने गंभीरपणे सांगितलं. आप्पा हसून हसून लोटपोट झाला, तर याला वाटलं, आपल्या विद्येचं कौतुक होतंय.

बाजार तोंडावर आला तसे दलाल घराकडे फिरकू लागले. एकाने नूरीचे दात पाहिले, पाय उचलून पाहिले आणि जनावर म्हातारं होत आलं म्हणून नाक मुरडलं. तो गेल्यावर मेहबूबची सगळी ऐट उतरली.

"नई जमनं तं इकनी पडी," तो हळूच म्हणाला.

नईमा खरारा करत होती. तिचा हात थांबला नाही. मेहबूबला रडू आलं, आणि बायकोसमोर रडायचं तरी कसं, म्हणून त्याने खोकल्याची उबळ आल्याचं सोंग केलं. नईमाने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिला सोंग कळलं होतं.

घोडेबाजार भरला. तापीवरचं गार वारं, टापांची धूळ, ढोलकीवर नाचणारी घोडी, लाखाच्या खाली बोलायला तयार नसलेले लोक. उमाकांतसाहेब आले, खुर्ची टाकून बसले. मेहबूब फेटा बांधून नूरीला घेऊन उभा राहिला. नईमा मागे वैरणीच्या पेंढीवर बसली.

"वॉक," साहेब म्हणाले.

नूरी चालू लागली. मेहबूब तिच्यामागून ओढला गेला.

"लेफ्ट."

मेहबूबने दोरी उजवीकडे ओढली. नूरी डावीकडे वळली. मेहबूबने पुन्हा उजवीकडे हिसका दिला, तशी घोडी त्यालाच फरफटत डावीकडे घेऊन गेली. भोवती जमलेले लोक हसायला लागले.

"स्टॉप."

नूरी जागच्या जागी थांबली. मेहबूब चार पावलं पुढे जाऊन थांबला.

"घोडी उत्तम तयार केलीय," साहेब हसू दाबत म्हणाले. "आता तुम्ही. समजा, मूल घोडीवर बसलंय आणि घाबरून रडायला लागलंय. काय म्हणाल?"

मेहबूबने मिशीवरून हात फिरवला. सगळे शब्द एकदम आठवल्यासारखे झाले आणि एकही हाती लागेना. लोक वाट पाहत होते. नूरी वाट पाहत होती.

"ऍपल," मेहबूब म्हणाला.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. घरी येऊन नाक मुरडून गेलेला दलाल कुठूनसा पुढे सरकला आणि नूरीची पाठ चाचपू लागला. त्याचा हात पाहिला आणि नईमा पेंढीवरून उठली. तिने तो हात बाजूला केला, दोरी आपल्याकडे घेतली आणि नूरीच्या मानेवर थोपटत, समोर खरंच पोर बसलंय अशा बेताने म्हणाली,

"डोंट क्राय, बाबू. आय हिअर. नूरी गुड. नूरी, स्लो… स्लो."

नूरी एकेक पाय जपून टाकत चालू लागली. शिट्ट्या थांबल्या. साहेब खुर्चीतून उठले.

"मावशी, तुम्ही कुठं शिकलात?"

"कोठे शिकनू? यासनी शाळा खाटवर व्हती. मी घोडी फिराडी ऱ्हायंती."

"तुम्ही याल का नूरीबरोबर? मुलांपाशी असंच माणूस हवंय मला."

मेहबूब फेटा सोडून हातात घेऊन उभा होता. नूरी वाचली, हे त्याला कळलं होतं. आपलं काय, हे काही कळत नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं. उभ्या जन्मात तिच्या तोंडाकडे असं आशेने पाहायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

नईमाने त्याला थोडा वेळ तसंच उभं राहू दिलं.

"येसू," ती साहेबांना म्हणाली. "पन यासले बी संगे लई येसू."

"यांना?" साहेब अवघडले. "मावशी, यांचं इंग्रजी तुम्ही ऐकलंत ना? हे तिथं काय करणार?"

"लीद उचलतीन," नईमा म्हणाली. "तेले इंग्रजी लागत नई, साहेब."